परसातील शेंदरी : लागवड, रंग व हिशोब

कोकणातील आणि घाटमाथ्याखालील अनेक गावांत, परसाच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात, हृदयाकृती पानांचे एक मध्यम उंचीचे झुडूप आढळते. पावसाळा ओसरू लागला म्हणजे त्याच्या शेंड्यांवर फिकट गुलाबी अथवा पांढऱ्या फुलांचे घोस येतात. थंडीत त्याच जागी मऊ काट्यांनी भरलेली लालभडक बोंडे दिसू लागतात. बोंड उकलून आतील बी बोटांत चोळले तर बोटे केशरी-तांबडी होतात आणि तो रंग साध्या पाण्याने सहसा जात नाही. हीच शेंदरी होय. पुष्कळ घरी ती केवळ शोभेची म्हणून वाढते, बोंडे झाडावरच वाळून गळतात आणि मुले त्यांनी खेळतात. परंतु हिच्या बियांवरील रंग जगभर लोणी व चीज यांना पिवळेपणा आणण्यासाठी वापरला जातो. हे समजल्यावर शेतकऱ्याच्या मनात लागवडीचा विचार येणे स्वाभाविक आहे. हा विचार कोणी करावा, किती प्रमाणात करावा आणि करावयाचा झाल्यास झुडूप कसे वाढवावे, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

शेंदरी मूळची आपल्याकडील नव्हे. तिचे माहेर उष्ण कटिबंधातील अमेरिका. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील लोक तिचा रंग अंगाला फासण्यासाठी प्राचीन काळापासून वापरीत आले आहेत. ब्राझीलमध्ये तिला उरुकुम व मेक्सिकोत आचिओते म्हणतात. १५४१-४२ साली ॲमेझॉन नदीतून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस्को दे ओरेयाना या स्पॅनिश प्रवाशाचे नाव तिच्या शास्त्रीय नावात, म्हणजे बिक्सा ओरेलाना यात, कायमचे राहिले आहे. हे शास्त्रीय नाव लिनिअसने १७५३ साली प्रसिद्ध केले. व्यापारात बियांना व त्यांच्या रंगास ॲनाटो असे संबोधतात. आपल्या बाजारातील पिवळ्या लोण्याच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांत हा शब्द, किंवा १६०-बी हा रंगाचा क्रमांक, वाचकांस पुष्कळदा आढळेल. म्हशीच्या दुधात पिवळे कॅरोटीन जवळजवळ नसते, म्हणून त्याचे लोणी पांढरे शुभ्र निघते. शहरातील गिऱ्हाइकास मात्र लोणी पिवळे हवे असते. शेंदरीला जो बाजार आहे त्याचे एक मोठे कारण एवढेच.

एका नावाच्या तीन वस्तू

लागवडीपूर्वी नावाचा घोटाळा दूर करणे अत्यावश्यक आहे, कारण येथील चूक केवळ पैशांची नसून प्रकृतीची ठरू शकते.

आपल्या रानात शेंद्री किंवा कुंकुफळ या नावाने ओळखला जाणारा एक देशी वृक्ष आहे. शास्त्रीय नाव मॅलोटस फिलिपेन्सिस. त्याची फळे वाटाण्याएवढी व तीन खणांची असतात आणि त्यांच्या बाहेरच्या अंगावर विटकरी रंगाची भुकटी असते. रेशीम रंगविण्यासाठी ती पूर्वापार वापरात होती. आयुर्वेदात हीच भुकटी कंपिल्लक म्हणून जंत पाडण्यासाठी देतात व ती रेचक आहे. ती भुकटी "शेंदरीचा रंग" म्हणून गोडधोडात घातली तर परिणाम काय होईल हे निराळे सांगावयास नको. परदेशी शेंदरीत रंग बोंडाच्या बाहेर नसतो, आतील बियांच्या सालीवर असतो. बोंड सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे, टोकाशी निमुळते, दोन शकलांत उकलणारे आणि केसाळ काट्यांचे असते. रंग फळाबाहेर की बियांवर, एवढे पाहिले तरी फसगत टळते.

तिसरी वस्तू शेंदूर. तो वनस्पतिज नाही. तो शिशाचा ऑक्साइड असून विषारी आहे. मूर्तीस लावावयाचा शेंदूर आणि शेंदरीचे बी यांचा रंग व नाव जवळचे असल्याने काही ठिकाणी दोन्ही एकाच डब्यात अथवा एकाच फडताळात ठेवलेले दिसतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत ही गोष्ट आवर्जून सांगावी. ज्या घरात शेंदरीचे बी स्वयंपाकासाठी ठेवतात, त्या घरात शेंदूर स्वयंपाकघराबाहेर असावा.

हवामान व जागा

शेंदरीला ऊब, ऊन आणि निचरा या तीन गोष्टी हव्यात. त्यांपैकी निचऱ्याबाबत ती सर्वांत हट्टी आहे. कोकणातील जांभी जमीन, डोंगरउताराची मुरमाड माती, नदीकाठची पोयटा जमीन, या सर्वांत ती वाढते. हलक्या जमिनीत वाढ सावकाश होते एवढेच. भाताच्या खाचराच्या खालच्या अंगाला, जेथे श्रावणात पाणी मुरत नाही, तेथे लावलेली रोपे पहिल्याच पावसाळ्यात पिवळी पडतात व मुळे कुजून मरतात. पाऊस जास्त झाला म्हणून झाड मेले असे मालक म्हणतो, पण शेजारच्या बांधावरील झाड त्याच पावसात तरारलेले असते. देशावरील भारी काळ्या जमिनीत लावावयाची असल्यास मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे आणि चहूबाजूंनी चर काढावा.

जेथे वार्षिक पाऊस भरपूर आहे तेथे मोठ्या झुडपास पाण्याची फारशी गरज भासत नाही. कमी पावसाच्या भागात उन्हाळी पाणी देण्याची सोय असेल तरच लावावी. हिला कडाक्याची थंडी सोसत नाही. निफाड, धुळे या बाजूला काही वर्षी डिसेंबर-जानेवारीत तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. अशा ठिकाणी लहान रोपांस दोन हिवाळे गवताचा आडोसा द्यावा. सावलीत झुडूप जगते, पाने मोठी व हिरवीगार येतात, परंतु फुले कमी लागतात. आंब्याच्या दाट छायेत लावून बोंडांची वाट पाहणे व्यर्थ आहे.

परदेशी झुडूप म्हटले की घाणेरीची आठवण व्हावी हे योग्यच आहे. तीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेतील शोभेचे झुडूप म्हणून या देशात आली आणि आज कित्येक रानांत व कुरणांत ती गवत वाढू देत नाही. शेंदरी शतकानुशतके परसात असूनही आपल्याकडे तिने तसा उपद्रव दिलेला नाही. तरीसुद्धा, परक्या झाडाच्या बाबतीत थोडी सावधगिरी नेहमीच शहाणपणाची. राखीव रानाच्या हद्दीलगत किंवा ओढ्याच्या काठाने ती लावू नये आणि झुडपाखाली आपोआप उगवलेली रोपे उपटून घ्यावीत अथवा पिशवीत भरावीत.

रोपे तयार करणे

शेंदरी बियांपासून व फाट्यांपासून, अशा दोन्ही रीतींनी वाढते आणि दोहोंत पुष्कळ फरक आहे.

बियांपासूनची लागवड सोपी व स्वस्त. त्याच हंगामातील, पूर्ण पिकलेल्या बोंडांतील बी घ्यावे. ते एक दिवस पाण्यात भिजत घालून हलक्या हाताने चोळावे, म्हणजे वरचा रंग सुटतो व बियांत पाणी लवकर शिरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग मिसळून पिशव्या भराव्यात, प्रत्येकीत दोन बिया सुमारे एक सेंटिमीटर खोल टोकाव्यात आणि पिशव्या विरळ सावलीत ठेवाव्यात. उगवण आठवड्याभरात सुरू होते, काही बिया मात्र तीन आठवडेही घेतात. म्हणून पहिली रोपे दिसताच उरलेल्या पिशव्या ओतून देण्याची घाई करू नये. दोन्ही बिया उगवल्यास जोमदार रोप ठेवून दुसरे कापावे. उपटले तर शेजारच्या रोपाचे मूळ दुखावते. जूनपर्यंत रोपे वीतभर ते हातभर उंच होतात. मूळ पिशवीतून बाहेर पडून जमिनीत शिरण्यापूर्वी ती लावली गेली पाहिजेत. मागील वर्षीची, पिशवीत मूळ गुंडाळलेली जुनी रोपे स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत.

या रीतीतील उणीव अशी की, बियांपासून झालेली झुडपे एकसारखी निघत नाहीत. शेंदरीत परपरागीकरण होते. त्यामुळे एकाच बोंडातील बियांपासून एखादे झुडूप गुलाबी फुलांचे, एखादे पांढऱ्या फुलांचे. एकाची बोंडे लाल, दुसऱ्याची हिरवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकाच्या बियांवर भरपूर रंग तर दुसऱ्याच्या बियांवर बेताचाच, असा प्रकार होतो. बोंड बाहेरून लालभडक आहे म्हणून बियांवर रंग अधिक असेल असे समजू नये. बोंडाचा रंग निराळा व बियांचा निराळा.

म्हणून ज्यास बी विकावयाचे आहे त्याने चांगल्या झुडपाचे फाटे किंवा गुटी लावावी. पक्व, परंतु फार जुनाट नव्हे अशा फांदीचे २० ते ३० सेंटिमीटर लांबीचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभी ओलसर वाळूत लावून सावलीत ठेवतात. सर्वच फाटे मुळे धरीत नाहीत, तेव्हा गरजेच्या दुप्पट लावावेत. असे झुडूप आईच्या गुणांचे निघते, बुटके व पसरट होते आणि बियांच्या झुडपापेक्षा लवकर फुलते.

चांगले झुडूप ओळखण्याची घरगुती रीत

प्रयोगशाळेत रंगाची टक्केवारी अचूक काढता येते. व्यापारी बियांत बिक्सिन या मुख्य रंगद्रव्याचे प्रमाण साधारणतः १ ते ४ टक्के असते. म्हणजे दोन झुडपांत चौपटीचाही फरक असू शकतो. परंतु गावातील दहा झुडपांतून कोणत्या दोहोंचे फाटे घ्यावेत, एवढे ठरविण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. प्रत्येक झुडपाच्या नुकत्याच पिकलेल्या बोंडांतील बी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घ्यावे व पाकिटावर झुडपाचा क्रमांक लिहावा. प्रत्येकाचे पाच ग्रॅम बी सोनाराच्या काट्यावर तोलून एकसारख्या वाट्यांत घालावे आणि प्रत्येक वाटीत ५० मिलिलिटर फिकट रंगाचे तेल ओतावे. सर्व वाट्या उकळत्या पाण्याच्या एकाच पसरट पातेल्यात अर्धा तास ठेवून मधूनमधून ढवळाव्यात. तेल गाळून घेतल्यावर सर्वच वाट्या गडद तांबड्या दिसतील व फरक कळणार नाही. यासाठी प्रत्येकातील एक चमचा तेल दहा चमचे कोऱ्या तेलात मिसळून पांढऱ्या काचेच्या सारख्या बाटल्यांत भरावे आणि बाटल्या खिडकीशी ओळीने लावाव्यात. ज्याचे तेल सर्वांत गडद, ते झुडूप निवडीस पात्र. केवळ रंगावर मात्र जाऊ नये. त्या झुडपास बोंडे किती लागतात हेही त्याच हंगामात मोजून ठेवावे. रंग उत्तम पण बोंडे विरळ असे झुडूप परसात शोभेल, शेतात परवडणार नाही.

शाळेच्या मोठ्या मुलांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून घेता येईल, आणि अनुभव असा की मुले तो मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे करतात.

लागवड व छाटणी

मे महिन्यात ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत आणि पाऊस सुरू होताच वरची माती व आठ ते दहा किलो कुजलेले शेणखत यांनी भरून मध्यभागी रोप लावावे. कुंपणाच्या ओळीसाठी दोन झुडपांत दीड मीटर अंतर पुरते. बी घेण्यासाठी चहूकडून ऊन लागले पाहिजे, म्हणून चार मीटरांवर लावावीत. या हिशोबाने एकरी सुमारे २५० झुडपे बसतात. पहिली दोन वर्षे मधल्या जागेत उडीद, चवळी किंवा भुईमूग घेता येतो. लहान रोपांना शेळ्यांपासून जपावे. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करून आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. पुढे दरवर्षी पावसाच्या तोंडावर शेणखताची एक पाटी दिली तरी काम भागते. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाला माजतो व फुले मागे पडतात.

छाटणीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ लोक छाटणी एकतर करीतच नाहीत किंवा नेमकी चुकीच्या वेळी करतात. शेंदरीचे फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. ज्या झुडपास जितके शेंडे अधिक, तितके त्यास घोस अधिक. रोप गुडघ्याच्या वर गेले की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून तीन-चार फांद्या फुटतात. पुढे त्यांचेही शेंडे एकदा खुडावेत. फळे काढून झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, बोंडे लागून गेलेल्या फांद्या एक-तृतीयांशाने आखूड कराव्यात. जूनच्या पावसाबरोबर त्या ठिकाणी भरपूर नवी फूट येते व तीच पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते. याउलट, झुडूप फार वाढले म्हणून श्रावणात कोयती चालविली तर त्या वर्षीची फुलेच कापली जातात. मोकाट वाढू दिलेले झुडूप दोन पुरुष उंच होते, घोस शेंड्यावर राहतात व ते काढण्यासाठी फांद्या मोडाव्या लागतात. हात उंचावून पोचेल त्यापेक्षा झुडूप उंच जाऊ न देणे हाच नियम धरावा.

फुलांविषयी एक मौजेची, पण उपयोगाची गोष्ट. या फुलातील पुंकेसरांचे परागकोश बहुतेक फुलांप्रमाणे उभे चिरत नाहीत. त्यांना टोकाशी बारीक फट असते. भुंग्यासारखी मोठी मधमाशी फुलास बिलगून जोराने गुणगुणते तेव्हा त्या कंपाने पराग बाहेर उडतो. ज्या परसात वाळके लाकूड, बांबूचे जुने वासे शिल्लक असतात तेथे भुंगे घर करतात. ते छपराचे वासे पोखरतात म्हणून लोक त्यांना मारतात, पण शेंदरीला बोंडे धरावयाची तर भुंगे हवेत. कीटकनाशकाची फवारणी फुलांच्या दिवसांत करू नये हे यावरून उघड होईल.

रोग-किडींचा त्रास बेताचा असतो. दमट हवेत पानांवर व कोवळ्या बोंडांवर पांढरी भुरी येते. झुडपात हवा खेळती असली की ती आटोक्यात राहते, फार वाढल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारावे. बोंडे पिकू लागल्यावर मात्र फवारू नये. काजूच्या बागेजवळ लागवड असल्यास कोवळ्या शेंड्यांवर ढेकण्याचे काळे ठिपके दिसतात का, हे पाहत जावे.

काढणी व वाळवणी

फाट्यांची झुडपे दुसऱ्या वर्षी व बियांची बहुधा तिसऱ्या वर्षी बोंडे धरतात. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काढणीचा काळ. भाताची झोडणी आटोपलेली व काजू सुरू व्हावयाचा असतो, त्यामुळे कोकणात मजुरांची ओढाताण होत नाही, ही या पिकाची एक जमेची बाजू.

येथपर्यंत चांगले वाढविलेले पीक वाळवणीत बिघडते, म्हणून या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. घोसातील बोंडे तपकिरी होऊन एक-दोन उकलू लागली की सबंध घोस कात्रीने कापावा. हिरवी-तांबडी बोंडे काढली तर बी भरलेले नसते. सर्व बोंडे झाडावरच पूर्ण उकलू दिली तर उन्हाने रंग उडतो व अवकाळी पाऊस आल्यास बियांस बुरशी येते. बिक्सिनचा शत्रू उजेड. इतर धान्याप्रमाणे बी आठवडाभर कडक उन्हात पसरून ठेवण्याची आपली सवय येथे नडते; बी खडखडीत वाळलेले दिसते, पण रंगाची टक्केवारी घसरलेली असते आणि खरेदीदार त्या टक्केवारीवरच भाव ठरवितो. घोस बोंडांसह हवेशीर पडवीत ताडपत्रीवर पसरावेत व रोज एकदा परतावेत. बोंडांची टरफले वाळून कुरकुरीत झाली की काठीने हलके झोडपावे. जोराने कुटल्यास बियांवरील रंग धुळीबरोबर उडून जातो आणि जमिनीवर जी तांबडी पूड पडते ती म्हणजे आपलाच पैसा असतो. बी पाखडून, सावलीत आणखी वाळवून, डब्यात किंवा आतून प्लास्टिक असलेल्या पोत्यात भरून अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवावे. झोडपणाऱ्यांनी नाकातोंडाला फडके बांधावे व जुने कपडे घालावेत. एका वर्षाचे बी दुसऱ्या वर्षापर्यंत भावाच्या आशेने राखून ठेवण्यात सहसा फायदा होत नाही, कारण ठेवणीतही रंग कमी होतच असतो.

किती लावावी?

पूर्ण वाढलेल्या उत्तम झुडपापासून दोन किलो किंवा त्याहून अधिक कोरडे बी मिळू शकते, आणि रोपे विकणारे नेमका हाच आकडा पुढे करतात. शेतकऱ्याने आपला हिशोब झुडपी एक किलोवर करावा, म्हणजे एकरी अडीचशे किलो, तेही चौथ्या-पाचव्या वर्षापासून. त्याआधीची वर्षे खर्चाची आहेत. या हिशोबावर भागत असेल तर पुढे जावे.

त्याहून मोठा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. शेंदरीच्या बियांस बाजार समितीत रोजचा लिलाव नाही. घेणारे थोडे, बहुधा दूरच्या शहरांतील रंग काढणारे कारखानदार किंवा त्यांचे अडते, आणि त्यांना टनांत माल हवा असतो. मोगली एरंडाची हकीकत अजून पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेही अमेरिकेतून आलेले झुडूप. २००३ च्या सुमारास त्याच्या बियांपासून डिझेल करण्याची राष्ट्रीय योजना पुढे आली. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत इंधनात २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. अनेकांनी पडीक जमिनीत व काहींनी चांगल्या जमिनीतही लागवडी केल्या. उत्पन्न अपेक्षेपेक्षा फारच कमी आले, बी घेणारे आले नाहीत आणि उद्दिष्ट कागदावर राहिले. झुडूप जगले, हिशोब मेला. शेंदरीचा रंग खरोखर विकला जातो हा दोहोंतील फरक मोठा आहे, पण तो विकत घेणारा माझ्या गावापर्यंत येईल काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा की, ज्याने शेंदरी पूर्वी लावलेली नाही त्याने पहिल्या वर्षी परसाच्या कडेने व बांधावर दहा-पंधरा झुडपांच्या वर लावू नयेत. ती पिकू लागेपर्यंत खरेदीदाराशी पत्रव्यवहार करून तो किती माल, किती टक्के रंगाचा, कोणत्या भावाने व कोठे पोच घेणार, हे लेखी घ्यावे; नमुना पाठवून टक्केवारी तपासून घ्यावी. रोपे विकणारा व बी घेण्याची हमी देणारा एकच असेल, तर त्याने यापूर्वी कोणत्या शेतकऱ्याचे बी घेतले ते विचारून त्या शेतकऱ्यास प्रत्यक्ष भेटावे. एका गावातील पाच-दहा कुटुंबांनी मिळून माल एकत्र केल्यास गाडीभाडे परवडते. उत्तम जमिनीतील भात, आंबा किंवा भाजीपाला काढून तेथे शेंदरी लावण्यास आम्ही कोणासही सुचविणार नाही.

घरगुती उपयोग

विक्री झाली नाही तरी परसातील चार झुडपे घरास पुरून उरतात. चमचाभर बी पाव वाटी तेलात किंवा तुपात मंद आचेवर तीन-चार मिनिटे गरम करावे. तेल केशरी झाले की लगेच उतरवून गाळावे, कारण बी काळवंडू लागले की तेलास कडवटपणा येतो व रंगही करपतो. हे तेल भाताला, पुलावाला किंवा बटाट्याच्या भाजीला छान रंग देते. चव जवळजवळ नसते, तेव्हा केशराचे काम ती करील अशी अपेक्षा ठेवू नये. हा रंग मुख्यतः तेलात विरघळतो. पाण्यात नुसते बी टाकून ठेवल्यास गढूळ केशरी पाणी मिळते व तळाशी गाळ बसतो. क्वचित एखाद्यास या रंगाने अंगावर पित्त उठते. घरात पहिल्यांदा वापरताना थोडाच वापरावा आणि त्रास दिसल्यास बंद करावा.

विकण्याच्या पदार्थांची गोष्ट वेगळी. कोणत्या पदार्थात कोणता रंग, किती प्रमाणात घालता येतो हे अन्नसुरक्षेच्या नियमांनी ठरविलेले आहे. मिरची-पूड व हळद यांत कोणताही रंग मिसळणे ही भेसळच होय, मग तो रंग परसातील झाडाचा का असेना. "आमचा रंग नैसर्गिक आहे" हे उत्तर तपासणीत उपयोगी पडत नाही. बचत गटांना मसाले तयार करण्याचे शिक्षण देताना कार्यकर्त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगावे.

ज्या गावात शेंदरीची जुनी झुडपे आहेत तेथील कार्यकर्त्यांनी येत्या थंडीत त्यांची यादी करावी: झुडूप कोणाच्या परसात, फूल गुलाबी की पांढरे, बोंडे अंदाजे किती, तेलाच्या परीक्षेत क्रमांक कितवा. निवडलेल्या झुडपास पत्र्याची चकती बांधून ठेवावी आणि मालकास सांगून फेब्रुवारीच्या छाटणीत त्याच्या दोन-तीन फांद्या न कापता राखाव्यात, म्हणजे जूनमध्ये फाट्यांसाठी पक्व लाकूड हाताशी राहील.